विमानाचा वेळ भागाकाराने निघत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही "दोन शहरांमधलं विमान अंतर आणि प्रवासाचा वेळ" म्हणून अर्धं पान कोष्टक छापलंत. दिसायला छानच होतं, लोकांनी कापून पण ठेवलंय, आणि माझी पंचाईत तिथेच झालीये. मी २२ वर्षं लोकांची विमानाची तिकिटं काढून देतोय, सोमवारी ऑफिस उघडतोय तोवर एक नेहमीचे काका ते कात्रण घेऊन हजर. टेबलावर ठेवलं, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हे बघ, पेपरात सहा तास दहा मिनिटं लिहिलंय, मग तू आठ तास कसले सांगतोस? फिरवून नेतोयस की काय मला?"

ती लंडन-न्यूयॉर्कची ओळ होती. अंतर ५,५५० किमी, वेळ ६ तास १० मिनिटं. अंतर अगदी बरोबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. वेळ कुठून आला ते कॅल्क्युलेटरवर लगेच कळलं, ५,५५० भागिले ९००. मग चहा होईपर्यंत बाकीच्या ओळी पण करून बघितल्या तर सगळीकडे तोच ९००, म्हणजे कोणीतरी एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला टाकलाय आणि माऊसने खालपर्यंत ओढलाय. नेटवर असे आकडे ढिगाने मिळतात, पण तिथलं लोक निम्मं सोडून देतात, पेपरात छापून आलं की मात्र ते खरंच असणार असं धरून चालतात, म्हणून हे पत्र.

आधी अंतराचं बोलतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात तरी लोकांना ते पटत नाही. माझ्या टेबलावर एक जुना पृथ्वीगोल आहे, स्टँडचा एक स्क्रू गेलाय त्यामुळे जरा लुळा पडतो, आणि त्याला एक काळा शिवणाचा दोरा कायम गुंडाळलेला असतो. कोणी वाद घालायला लागलं की मी दोऱ्याचं एक टोक त्याच्या हातात देतो, एक माझ्याकडे, ओढून ताणायचं आणि दोरा कुठून जातोय ते बघायचं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को करून बघा, दोरा पूर्वेला नाही की पश्चिमेला नाही, सरळ उत्तरेला चढतो, सायबेरियावरून आर्क्टिकच्या बाजूने जाऊन पलीकडून खाली उतरतो. "अमेरिकेला जायला रशिया कशाला?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. यालाच ग्रेट सर्कल अंतर म्हणतात, गोलावरचं सगळ्यात जवळचं. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपल्या डोळ्यांना वाईट सवय लावलीये, तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये खलाशांसाठी केलेल्या पद्धतीचा, होकायंत्राची एकच दिशा धरून चाललं तर त्यावर सरळ रेघ येते म्हणून, बाकी त्यात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं आणि खरी आफ्रिका त्याच्या १४ पट आहे.

आणि एक, मैल. विमानवाले नॉटिकल मैल बोलतात, तो १,८५२ मीटरचा, आपल्याला माहीत असलेला मैल १,६०९ मीटरचा. लंडन-न्यूयॉर्क जवळजवळ बरोब्बर ३,००० नॉटिकल मैल आहे, साध्या मैलात ३,४५० च्या आसपास. कुठून तरी ३,००० उचलायचे आणि साधे मैल समजून किलोमीटर करायचे, की ७०० किमी गायब. तुमच्याकडे ही चूक झालेली नाही, पण होताना मी बघितलीये म्हणून सांगितलं.

आता दोऱ्यावरून विमान जातं का, तर जवळपास जातं, अगदी तसंच नाही. अटलांटिकवर तर रस्ते रोज बदलतात, कॅनडाचं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही दोन कंट्रोल सेंटरं दिवसातून दोनदा समांतर ट्रॅक आखून देतात, वारा कुठे आहे ते बघून, एकदा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी आणि एकदा पूर्वेला येणाऱ्यांसाठी. आणि कधीकधी तर दोरा ठेवायचा बाजूलाच. हेलसिंकी-टोकियो घ्या, दोऱ्याने साधारण ७,८०० किमी, रशियावरून जायचं आणि साडेनऊ तासांत पोचायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास १३ तासांच्या आसपास गेला, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी खालून दक्षिणेकडून वळसा घालून. दोन्ही शहरं जागच्या जागी, दोरा तेवढाच, तुमच्या फॉर्म्युल्याने अजूनही ८ तास ४० मिनिटंच येणार.

काकांना हे सगळं सांगून झालं, त्यांनी मान पण हलवली, आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण मग जाताना आठ आणि येताना सात हे काय? रस्ता तोच ना?"

खरा मुद्दा इथे आहे आणि तुमच्या कोष्टकात तो अजिबातच नाही, कारण तुमच्याकडे दोन शहरांना एकच रकाना आहे. विमान जमिनीला धरून चालत नाही, ते हवेत चालतं, आणि ती हवाच वाहत असते. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे विमानं जिथून जातात बरोबर तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा असतो, जेट स्ट्रीम, त्यात ताशी १००-२०० किमी म्हणजे नेहमीचंच, हिवाळ्यात तर ३०० च्या पुढे पण जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी माणसाने फुगे सोडून सोडून हा वारा मोजला होता, आणि अहवाल छापला तो एस्पेरांतो नावाच्या मुद्दाम बनवलेल्या भाषेत, जगातल्या सगळ्यांना कळावा म्हणून, मग अर्थातच तो फारसा कोणी वाचला नाही.

विमानात समोरच्या सीटच्या पाठीवर तो नकाशाचा स्क्रीन असतो ना, लोक पिक्चर बघतात, मी ते बघत बसतो. एकदा पूर्वेला येताना ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या मानाने वेग, ताशी १,०८० किमी दिसत होता, शेजारचा मुलगा म्हणाला अंकल हे तर आवाजापेक्षा फास्ट होईल आता. तसं नसतं, कारण हवेच्या मानाने विमान आपलं नेहमीच्याच वेगात असतं, वारा मागून ढकलतोय ते वरचे. त्याच प्रवासात जाताना हाच आकडा ७९० वर अडकलेला होता, इंजिनं तेवढीच मेहनत करत होती, खाली ढग तर हलतच नव्हते असं वाटत होतं. ९ फेब्रुवारी २०२० ला किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं, साधं प्रवासी विमान, आवाजापेक्षा वेगाने जाणारं कॉनकॉर्ड नव्हे. कॉनकॉर्डचा रेकॉर्ड वेगळा, १९९६ चा, ३ तासांच्याही आत. तुमच्या ६ तास १० मिनिटांना त्या दिवशी कोणी विचारलं पण नसतं.

यावर काकांनी काढलेला मुद्दा तुमच्या बऱ्याच वाचकांच्या मनात असणार म्हणून लिहितो. ते म्हणाले पृथ्वी पूर्वेला फिरते, मग पश्चिमेला जाताना ते शहर आपणहून आपल्याकडे यायला पाहिजे, वेळ कमी लागायला पाहिजे. मी म्हटलं काका, चालत्या बसमध्ये तुम्ही जागेवर उडी मारली तर मागच्या काचेवर जाऊन आपटता का? हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेत आहे. फक्त एवढं खरं की या वरच्या वाऱ्याला पूर्वेकडे वळवतं ते पृथ्वीचं फिरणंच, म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते, उलटे चुकले होते.

मग कोणी म्हणेल जाताना जास्त येताना कमी, सरासरी तर बरोबरच येईल ना. नाही येत! ५,४०० किमी धरा, वारा नसेल तर ताशी ९०० ने जायला ६ आणि यायला ६, एकूण १२ तास. आता १०० चा वारा लावा, एका बाजूला १,००० ने ५ तास २४ मिनिटं, दुसऱ्या बाजूला ८०० ने ६ तास ४५ मिनिटं, बेरीज १२ तास ९ मिनिटं. ती नऊ मिनिटं कुठे गेली, तर हळू चालल्यावर त्या उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तो जे खातो ते सगळं परत देत नाही. नदीत प्रवाहाविरुद्ध पोहून आलेल्याला हे सांगावं लागत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकवरून साधारण १३,९०० किमी पडायचं, पॅसिफिकवरून साधारण १५,३००. म्हणजे १,४०० किमी जास्त, आणि पोचलं साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. कारण पॅसिफिकवरून वारा पाठीमागून. लांबचा रस्ता आणि कमी वेळ, आता हे तुमच्या एक्सेलला कसं समजावणार सांगा.

बरं वेग तरी ९०० कशावरून? ३५,००० फुटांवर बाहेर उणे ५४ अंशांच्या आसपास असतं, थंडीत आवाजाचा वेग पण कमी होतो, साधारण १,०६७ किमी, आणि विमानांचा वेग त्या हिशोबात ठरतो. छोटी ए३२० जातीची आवाजाच्या ०.७८ पट वेगाला चालतात म्हणजे ८३० च्या आसपास, ७८७ सारखी मोठी ०.८५ ला म्हणजे ९०० च्या आसपास. तुम्ही सगळ्यांना ७८७ मध्ये बसवलंत.

आणि तो वेग सुद्धा फक्त मधल्या पट्ट्यात. जवळच्या शहरांना हा फॉर्म्युला लावला की तर गंमतच होते, तुमच्या कोष्टकात ४०० किमीला २७ मिनिटं आहेत. २७ मिनिटांत कधीकधी विमान रनवेच्या रांगेतच उभं असतं. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, बऱ्याच देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटपेक्षा जास्त वेग चालत नाही, म्हणजे ताशी ४६३ किमी, आणि ३५,००० वरून उतरायला सुरुवात करायची ती १९०-२०० किमी आधीपासून. म्हणजे ४०० किमीच्या प्रवासात निम्मं अंतर उतरण्यातच गेलं, राहिलेलं चढण्यात, मग तो ९०० कुठे करायचा? म्हणून अशी विमानं बरेचदा तेवढी वर जातच नाहीत. तिकिटावर बघाल तर तासाच्या वरच वेळ असतो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान आहे, अंतर २.७ किमी, टाइमटेबलमध्ये दोनेक मिनिटं, वारा चांगला असताना ५३ सेकंदांत पण झालंय. ते एक तुमच्या कोष्टकात घाला, भागाकाराने ११ सेकंद येतात.

आमच्या धंद्यात चार वेळा धरतात, आउट, ऑफ, ऑन, इन. आउट म्हणजे गेटवरून हललं, ऑफ म्हणजे चाकं उचलली, ऑन म्हणजे चाकं टेकली, इन म्हणजे पलीकडच्या गेटला लागून उभं राहिलं. आउट ते इन हा ब्लॉक टाइम, तिकिटावर जो छापतात तो. ऑफ ते ऑन हा नुसता हवेतला. मोठ्या एअरपोर्टवर या दोघांत अर्धा तास आरामात पडतो. शिवाय कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी मिनिटं आपली हळूच वाढवून ठेवतात, १५ मिनिटांच्या आत पोचलं की वेळेवर धरलं जातं ना, मग पायलट सांगतो आपण २० मिनिटं लवकर आलोय आणि लोक खूश. लवकर वगैरे काही नसतं.

पोचलं म्हणजे नक्की कधी पोचलं यावर तर युरोपच्या कोर्टात केस झालीये. तिकडे तीन तास उशीर झाला की भरपाई, आणि साल्झबर्गहून कोलोन-बॉनला येणारं एक विमान चाकं टेकली तेव्हा २ तास ५८ मिनिटं लेट होतं, गेटला लागलं तेव्हा ३ तास ३ मिनिटं. कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की निदान एक दरवाजा उघडला आणि लोकांना उतरता आलं की मगच पोचलं. मला हे फार पटलं. भरपाई किती ते ठरवायला जे १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे आहेत ते मात्र दोऱ्याच्या अंतरानेच मोजतात, म्हणजे अंतराला पण तिथे मान आहे.

हे सगळं कशासाठी सांगतोय तर यात माणसं अडकतात. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलाचं पहिलं तिकीट त्याच्या भावाने काढलं होतं, आणि व्हॉट्सॅपवर नुसतं "सकाळी ७:२० चं आहे" एवढंच टाकलं होतं. पुढचं तिकीट याने स्वतः काढलं, वेगळं. मधलं अंतर १,१५० किमी, कुठल्यातरी साइटवर बघितलं तर १ तास १७ मिनिटं, म्हणजे ८:३७ ला उतरलो, पुढचं विमान १०:३० चं, जवळपास दोन तास हातात, भरपूर झाले. प्रत्यक्षात त्या विमानाची पोचायची वेळच ९:३५ होती आणि ते ९:३५ ला बरोब्बर लागलं. दोन्ही तिकिटं वेगळी म्हणजे बॅग घ्यायची, बाहेर यायचं, परत चेक-इन करायचं, आणि काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद. हा पट्ट्यावर बॅगेची वाट बघत उभा होता तेव्हाच तिकडे काउंटर बंद झालेलं. मला फोन करून म्हणाला दादा फ्लाइट एक तास लेट आली. फ्लाइट वेळेवर होती, लेट तो भागाकार होता. पैसे गेले ते गेलेच, वेगळ्या तिकिटांना कोणी वाली नसतो.

घड्याळाचा घोळ त्याहून वेगळा, तो थोडक्यात सांगतो. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, लोक त्यांची सरळ वजाबाकी करतात. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजेलिसला त्याच दिवशी दुपारी पोचतो, वजाबाकी केली तर प्रवास उणे येतो. लंडन-न्यूयॉर्कचा फरक पाच तासांचा, पण मार्चमध्ये अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि युरोप शेवटच्या, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे तो चारच असतो. शिवाय तुमचं अंतर शहराचं आहे की एअरपोर्टचं ते पण लिहिलेलं नाही. नारिता टोकियोपासून ६० किमी आहे आणि फ्रँकफर्ट-हान नावाचा एक एअरपोर्ट आहे तो फ्रँकफर्टपासून १२० किमी, नावात फ्रँकफर्ट बघून तिकीट काढलेली माणसं मी बसच्या रांगेत बघितलीयेत.

तर एवढंच म्हणणं आहे, अंतर छापा, ते बरोबर आहे आणि मुलांना भूगोलाला पण उपयोगी पडतं. पण वेळेच्या रकान्यात भागाकार टाकू नका. टाइमटेबलमधला ब्लॉक टाइम घ्या, जायचा वेगळा यायचा वेगळा, आणि उन्हाळ्याचं टाइमटेबल की हिवाळ्याचं तेवढं खाली बारीक अक्षरात लिहा कारण वाऱ्याप्रमाणे त्यात पण फरक पडतो. थेट विमान नसेल तर वेळ लिहूच नका, रेघ मारून सोडा. कोष्टकातल्या बऱ्याच जोड्यांना थेट विमानच नाही, तिथे तुम्ही सरळ तासांचे आकडे देऊन टाकलेत, मी ते आकडे घेऊन येणाऱ्यांना काय दाखवू?

काकांनी शेवटी तिकीट काढलं, आठ तासांचंच. कात्रण माझ्याकडे विसरून गेले, की मुद्दाम ठेवून गेले माहीत नाही. मी त्या ओळीतला ६ तास १० मिनिटं खोडून पेनने "जाताना ८, येताना ७" लिहिलंय आणि टेबलाच्या काचेखाली सरकवलंय, पृथ्वीगोलाच्या शेजारी. बाकीच्या ओळी तुमच्यासाठी कोऱ्या ठेवल्यात.

आपला,
एक तिकीट एजंट आणि रोजचा वाचक